सगळ्याबद्दल माफी

३ मार्च

प्रिय ताईस,

प्रभूच्या नावात सलाम.

पाच वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, कसली अडचण म्हणून लिहीत नाहीये. आनंदाची बातमी आहे. ताई, माझं तारण झालं!

गेल्या वर्षी जानेवारीत मी बस थांब्यासमोर पडलो होतो, नेहमीसारखाच. कपाळ फुटलं होतं. समोरच्या दुकानातल्या घड्याळवाल्या काकांनी मला आत नेलं, पट्टी बांधली आणि काही न विचारता चहा दिला. त्यांच्या घरी दर बुधवारी प्रार्थनेला माणसं जमतात. पहिल्यांदा मी चहाच्या आशेने गेलो, खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या का चौथ्या बुधवारी माझे गुडघे आपोआप टेकले. तासभर ओक्साबोक्शी रडलो. उठलो तेव्हा छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. तेव्हापासून बाटलीला हात लावलेला नाही. तेरा महिने झाले.

आता रविवारी मी सगळ्यांपुढे उभा राहून साक्ष देतो. मी कुठल्या गटारातून वर आलो ते सांगतो तेव्हा बायामाणसं डोळे पुसतात. कारखान्यात मॅनेजर म्हणाले, "तू तो माणूसच राहिला नाहीस," आणि दोन्ही पाळ्या माझ्या हाताखाली दिल्या.

जुनं सगळं धुऊन गेलं, ताई. आईने माझ्यासाठी जन्मभर गुडघे झिजवले, ते वाया गेले नाहीत. माझ्याकडून तुम्हा सगळ्यांच्या बाबतीत जे काही कमीजास्त झालं असेल, त्या सगळ्याबद्दल माफी मागतो. भाऊजींनाही सांग. तूही मन मोठं कर.

तुझा धाकटा भाऊ,
बारकू

११ मार्च

बारकू,

सलाम-बिलाम राहू दे.

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात, दोन मशिनांच्या मधे उभी राहून वाचलं. घरी नेलं नाही. ह्यांच्या हातात पडायला नको म्हणून माझ्या कप्प्यात, साबणाच्या पिशवीखाली ठेवलंय.

'कमीजास्त झालं असेल.' वा रे वा! भाजीत मीठ कमीजास्त होतं. आई गेली तेव्हा तू पेटीला खांदा द्यायला आलास तो झिंगून. पायऱ्या उतरताना पेटी तिरकी झाली. मागच्या दोघांनी सावरली नसती तर आई आपल्या डोळ्यांदेखत खाली आली असती. हे कमी की जास्त?

ह्यांची उजव्या हाताची तीन बोटं गेली. ज्या माणसाने तुला त्या कारखान्यात चिकटवलं, करवतीखाली फळी कशी सरकवायची ते तुझा हात धरून शिकवलं, त्याला बघायला तू एकदाही हॉस्पिटलात फिरकला नाहीस. उलट चौकशीत तोंड वर करून सांगितलंस की पात्यावरचं लोखंडी झाकण ह्यांनीच काढलं. खरं होतं ते, मान्य. पण घरच्या माणसाबद्दल असलं खरं बोलताना जरा मान खाली घालायची असते रे. वीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर गेली. आता हे एका शाळेच्या फाटकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं डाव्या हाताने वहीत लिहितात.

आणि धुऊन गेलं म्हणतोस! सहा वर्षं मी इथे डागच धुते. रक्ताचा डाग थेट गरम पाण्यात टाकला की जन्माचा बसतो. आधी थंड पाण्यात भिजवायचा, हाताने चोळायचा, उजेडात धरून बघायचा, परत चोळायचा. तुझे सगळे एका बुधवारी निघाले. कुठली पावडर वापरतात तिथे?

चर्चला मीही जाते. शेवटच्या बाकावर बसते. मला कधी कसला झटका बसला नाही. आणि आपल्या भाषेत तारण म्हणजे गहाणसुद्धा. तुझ्या तारणापायी गहाण कोण पडलंय तेवढं एकदा बघून घे.

सगळ्याबद्दल माफी म्हणजे कशाबद्दलच नाही. एकेका गोष्टीचं नाव घेऊन माग. मग बघू.

ताई

१९ मार्च

प्रिय ताई,

मी हात पुढे केला आणि तू त्यावर थुंकलीस. जुना बारकू असतो तर काय लिहिलं असतं ते तुला ठाऊक आहे.

तुझ्या पत्रात नुसता कडवटपणा आहे. शेवटच्या बाकावर बसून टोमणे मारणाऱ्यांना आत काय चाललंय ते कळणार कसं? जे देवाने पुसलं ते तू उकरतेस. मग भांडण माझ्याशी नाही, त्याच्याशी आहे. आईच्या वेळचं म्हणशील तर मी आजारी होतो, दारू हा आजार आहे. कारखान्यातलं कारखान्यात संपलं. त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

तुझ्यासाठी बुधवारी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. तू जे बोललीस त्याबद्दल मी तुला मनापासून क्षमा केली आहे.

बारकू

२४ मार्च

तू मला क्षमा केलीस?

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, आता प्रार्थना करणारा चोरही बघितला. माझं नाव त्या खोलीत पुन्हा घेऊ नकोस. चार अनोळखी माणसांपुढे माझ्या कठोर मनाची लक्तरं मांडायला मी तुझी साक्ष नाही.

तू प्यायचास तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी ओशाळायचास. हा नवा माणूस तर ओशाळतसुद्धा नाही. मला जुना परत दे.

पत्र लिहू नकोस.

३० जून

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. हे एक वाच, मग जाळ.

तुझं शेवटचं पत्र मी घड्याळवाल्या काकांना दाखवलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील की बहीण फार दुष्ट आहे. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, तुझी दोन्ही पत्रं वाचली आणि विचारलं, "तिने एकेकाचं नाव घे म्हटलंय. घेतलंस?"

मी म्हणालो, "देवापुढे सगळं सांगितलंय."

"सगळं?"

"हो."

"मग हिला सांगायला काय हरकत आहे?"

मी तिथून उठून आलो. राग आला होता. पुढचे दोन बुधवार गेलो नाही. एका संध्याकाळी दारूच्या दुकानापर्यंत गेलो, काचेला हात लावला आणि परत आलो. कारण मी देवापुढेही सगळं सांगितलं नव्हतं. दारूचं सांगितलं होतं. दारूचं सांगायला सोपं असतं, लोक रडतात.

आता नाव घेतो.

पात्यावरचं झाकण भाऊजींनी काढलं नव्हतं. मी काढलं.

त्या आठवड्यात जाड फळ्यांचं मोठं काम होतं. झाकण असलं की जाड फळी अडकायची आणि दर वेळी मशीन थांबवावं लागायचं. मी नवा सुपरवायझर होतो. मॅनेजरला काम लवकर उरकून दाखवायचं होतं. सकाळी सगळे यायच्या आधी मी पान्ह्याने चार बोल्ट काढले आणि झाकण रंध्याच्या मशीनमागे टाकलं. भाऊजींचा हात सगळ्यांत पक्का, म्हणून त्यांनाच तिथे उभं केलं. त्यांनी विचारलं, "झाकण कुठाय?" मी म्हणालो, "दुरुस्तीला गेलंय. आजचा दिवस भागवून न्या." ते म्हणाले, "बरं नाही हे, बारकू." आणि मी सांगितलं म्हणून कामाला लागले.

त्यांना गाडीत घालून नेलं. चौकशीचा साहेब यायला तासभर होता. त्या तासात मी पान्हा पुसला आणि भाऊजींच्या हत्यारांच्या डब्यात ठेवला.

ताई, त्या दिवशी मी प्यायलेलो नव्हतो. पिणं त्याच्यानंतर वाढलं.

'त्याबद्दल माफ कर' असं लिहायला हात उचलत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

बारकू

६ जुलै

पान्हा.

तो पान्हा मला साहेबांनी दाखवला होता. कागदावर ठेवून, टेबलावर. म्हणाले, "बाई, हा तुमच्या नवऱ्याच्या डब्यात मिळाला." मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे तेव्हा नीट बसतही नव्हते. म्हणाले, "मी बारकूला विचारलं होतं. तो दुरुस्तीला गेलंय म्हणाला." मी म्हणाले, "माझ्या भावावर ढकलू नका."

कळतंय का तुला? मी तुझ्यावर विश्वास ठेवला. प्यायचास, शिव्या द्यायचास, तरी वाटलं, एवढं नीच माझ्या आईच्या पोटी येणार नाही. आणि सहा वर्षं मी ह्या माणसाला बोलले. रागाच्या भरात एकदा बोलले असते तर सोड. मी रोज बोलले. एकदा ह्यांच्या हातून पेला निसटला, फुटला. मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "झाकण काढताना बरा चालला हात!" ते खाली बसून डाव्या हाताने काचा वेचत राहिले. पहिली दोन वर्षं सांगायचे, "मी नाही गं काढलं." मग सांगायचे थांबले. मला वाटलं, गुन्हा पटला.

मी हे ह्यांना सांगणार नाही. नाही म्हणजे नाही. कुठल्या तोंडाने सांगू? तुझं पत्र जाळलं. भट्टीत टाकलं, चादरी वाळवायच्या. आता तूही तोंड मिटून बस. सहा वर्षं मिटून होतास तसा. तुझा जीव हलका व्हावा म्हणून माझं घर पेटवू नकोस. घर कसंबसं उभं आहे रे. निदान ते बोलत नाहीत, मी बोलत नाही, जेवणं होतात, दिवस जातो.

तुला कीड लागो असं लिहिणार होते. लिहिलंच बघ.

१२ जुलै

ताई,

उशीर झाला. तीस जूनला तुला पत्र टाकलं आणि तसाच कामगार कचेरीत गेलो. लेखी दिलं. झाकण, पान्हा, चौकशीतली खोटी जबानी, सगळं सहीनिशी. काका बरोबर आले होते, बाहेर बाकावर बसले. संध्याकाळपर्यंत कारखान्याला कळलं. दुसऱ्या दिवशी फाटकावरूनच परत पाठवलं. आता फर्निचर टेम्पोत चढवतो-उतरवतो.

त्या रविवारी साक्ष द्यायला उभा राहिलो आणि हेच सांगितलं. कुणी डोळे पुसले नाहीत. दोघंजण उठून बाहेर गेले. नंतर एकाने कोपऱ्यात घेऊन समजावलं, "देवाने माफ केलंय ना, मग हे चव्हाट्यावर कशाला?" वर्षभर मीही हेच समजत होतो, की माफी मिळाली म्हणजे विषय संपला. आता वाटतं, ती मिळाली नसती तर मला तोंड उघडायचं धाडसच झालं नसतं. एवढंच कळतंय. जास्त बोलत नाही. तुला माझ्या प्रवचनांचा वीट आलाय आणि मलाही.

पण एक गोष्ट ऐक, आणि मला हवे तेवढे शिव्याशाप दे. गप्प बसणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुझं घर मी आधीच पेटवलंय, सहा वर्षांपूर्वी, आणि भाऊजी तेव्हापासून त्यात एकटे बसलेत. तू मला म्हणतेस तोंड मिटून बस. म्हणजे त्यांनी अजून किती वर्षं गुन्हेगार राहायचं? तुला लाज वाटते म्हणून? ताई, मी नीच आहे हे कबूल. पण हे तू मला सांगू नकोस.

भाऊजींच्या नावाने कचेरीतून नोटीस येईल. पंचवीस तारखेच्या आत येईल म्हणाले. त्यांना ते सरकारी कागदावरून कळू देऊ नकोस. तू सांग. तू सांगेपर्यंत मी त्यांच्यासमोर येणार नाही.

बारकू

२ ऑगस्ट

बारकू,

तुझं पत्र वाचून आठ दिवस मी दात खात फिरले. मला शहाणपण शिकवणारा तू कोण? आणि जे लिहिलंस ते खरं होतं, त्याचा आणखीच राग आला.

एकवीस तारखेला सांगितलं. दुपार होती. हे खिडकीत बसून डाव्या हाताने बुटाला पॉलिश करत होते. मी म्हटलं, "झाकण तुम्ही काढलं नव्हतं."

ते म्हणाले, "हे मी तुला कधीपासून सांगतोय."

"बारकूने काढलं होतं. त्याने लिहून दिलंय."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "त्याने लिहिलं तेव्हा तुला खरं वाटलं. मी सांगितलं तेव्हा नाही."

पत्र जाळलं होतं, म्हणून तोंडपाठ होतं तेवढं सांगितलं. पान्ह्याचं त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं. आणि मग ते ओरडले, बारकू. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी ह्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. समोरच्या घरातल्या खिडक्या उघडल्या. "मला वाटायला लागलं होतं की मीच काढलं!" म्हणाले. "इतके दिवस ती सकाळ मनात घोळवली की शेवटी पान्हा माझ्याच हातात दिसायला लागला! तुमच्या घरच्यांनी मिळून मला वेडा केला होता!" तुमच्या घरच्यांनी. त्यात मी आले.

मग एकच बूट पॉलिश झालेला, तसेच दोन्ही घालून बाहेर गेले. दिवेलागणीला परत आले. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. जेवतात, स्वतःचं ताट स्वतः धुतात, अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकतात. मी रोज सांगते, चुकले. ते ऐकतात आणि वर्तमानपत्राचं पान उलटतात. मी त्यांना 'मन मोठं करा' म्हणत नाही. ते वाक्य किती घाणेरडं आहे हे तुझ्यामुळे मला आधीच माहीत होतं.

परवा पहाटे, कामावर जायच्या आधी, मी चर्चमध्ये जाऊन बसले. कुणी नव्हतं. प्रार्थना वगैरे जमली नाही. नुसतं म्हटलं, पेल्याचं ते मी बोलले. मी बोलले. एवढंच दोन-तीनदा. मग बस चुकेल म्हणून उठले.

तुझ्यावरचा राग गेलाय असं समजू नकोस. अर्धा आता माझ्यावर आहे, म्हणून तुझा वाटा कमी झालेला नाही.

नोटीस आली. सुनावणी दहा सप्टेंबरला आहे. हे येणार आहेत. तूही येशीलच. तिथे उभा राहून तुझ्या तारणाची गोष्ट सुरू केलीस तर साहेबांसमोर थोबाडीत देईन.

ताई

१६ सप्टेंबर

बारकू,

हे पत्र मी लिहितोय, तुझा भाऊजी. डावा हात आहे, अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सुनावणीच्या खोलीत मी तुझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. बघितलं असतं तर काय केलं असतं सांगता येत नाही. म्हणून ऐकत होतो.

कारखान्याच्या वकिलाने तुला विचारलं, "तुम्ही दारू पीत होता?"

"हो."

"म्हणजे त्या दिवसाचं तुम्हाला धड आठवतही नसेल."

तू म्हणालास, "त्या दिवशी मी शुद्धीत होतो."

वकिलाने तुला आयती पळवाट दिली होती. दारूवर ढकललं असतंस तर तुझं निम्मं ओझं उतरलं असतं. तू घेतली नाहीस. मग तो हसून म्हणाला, "आता धार्मिक झालात म्हणे. कुणी शिकवलं हे बोलायला?" मी मनात म्हटलं, झालं, आता देवाचं बोलत सुटणार हा. तुझी बहीण शेजारी मुठी आवळून बसली होती. तू म्हणालास, "झाकण मी काढलं. पान्हा मी त्यांच्या डब्यात ठेवला." त्याने विचारलं, इतकी वर्षं गप्प का. तू म्हणालास, "नोकरी जाईल म्हणून. आणि मला कुणी विचारत नव्हतं, ते सोयीचं होतं." बस. पुढे एक शब्द नाही.

तुला देव भेटला की नाही, ते मला ठाऊक नाही. मी त्यातला जाणकार नव्हे. पण त्या खोलीत खोटं बोलायची पूर्ण सोय होती आणि ज्या बारकूला मी हाताला धरून शिकवलं तो बोलला असता. तुझ्या जागी दुसरा कुणीतरी उभा होता, एवढं मी ऐकलं.

साहेबांनी जुनी नोंद खोडली. नवी वाचून दाखवली, 'अपघातात कामगाराची चूक नाही.' मी परत वाचायला सांगितली. त्यांनी परत वाचली. कारखाना वरच्या कचेरीत जाणार आहे. तुझ्यावर खोट्या जबानीचा खटला होईल असं म्हणतात. होऊ दे. मध्ये पडून 'सोडून द्या' म्हणायला मी जाणार नाही.

बाहेर बस थांब्यावर तू माझ्याजवळ आलास, तोंड उघडलंस आणि मी म्हणालो, "गप्प बस." तू गप्प बसलास. बस यायला वीस मिनिटं लागली. तुझी बहीण लांब उभी होती, ती आपल्या दोघांना बघून रडत होती आणि रडतेय म्हणून स्वतःवरच चिडत होती. ती वीस मिनिटं मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहायला कागद पुरणार नाही. सगळं म्हणून झालं, बस आली नव्हती, आणि तू तिथेच उभा होतास.

मी माफ केलेलं नाही. माफीचा विषय माझ्यासमोर काढायचा नाही. कधी काढायचा तो मी काढीन, किंवा नाही काढणार. सहा वर्षं माझी आहेत, त्यांचं काय करायचं ते मी ठरवीन.

तुझ्या बहिणीशी परवापासून बोलतोय. दिवसाला दोन-तीन वाक्यं. काल चार झाली.

रविवारी तुझी प्रार्थना आटोपली की इकडे ये. बाहेरच्या खोलीत भिंतीला फळी ठोकायची आहे. मला एका हाताने जमत नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतो. बहिणीला सांगितलंय तू येणार म्हणून, ती सकाळपासून भांडी आपटतेय.

जेवायला मिळेल. बोलायला मिळेलच असं नाही.

भाऊजी